राजाचं देऊळ आणि नावडती राणी

देऊळ बांधतात, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की देऊळ खणून काढतात, विहिरीसारखं. कारण आमचं देऊळ तसंच होतं. घराच्या मागच्या दाराने बाहेर पडून काजूची झाडं ओलांडली की सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, सुरू व्हायचा आणि त्या सड्याच्या पोटातच ते कोरलेलं होतं. कळस नाही, कौलं नाहीत. लांबून बघणाऱ्याला नुसता काळपट जांभा आणि त्यावरचं वाळलेलं गवत दिसायचं. जवळ गेलं की जमीन एकदम खाली उतरे. पायऱ्या, पायऱ्यांखाली कातळातच काढलेलं अंगण, अंगणापुढे चार जाडजूड खांब आणि खांबांच्या आत बारमाही गारवा. खांब, नंदी, आतली पिंडी, सगळं एकाच दगडाचं, कुठे सांधा नाही. गावात त्याला ‘राजाचा देऊळ’ म्हणत. कोणता राजा, असं कुणी विचारत नसे. राजा म्हणजे राजा. जसं खाडी म्हणजे खाडी.

आम्ही त्या देवळाचे गुरव. बाबा पहाटे आंघोळ करून ओल्या पंचाने देवळात उतरायचे आणि त्यांची घंटा वाजली की तिचा नाद कातळातून आमच्या चुलीपर्यंत यायचा. कानाने ऐकू येण्याआधी तो तळपायांना कळायचा. आई आडाळ्यावर नारळ खवत असायची, तिचा हात त्या नादाबरोबर क्षणभर थांबायचा आणि मग पुन्हा खरखर सुरू व्हायची. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा नाहीतर आंब्याचं लोणचं. सोमवारी घरात शिवराक असायचं, म्हणजे मासळीचं नाव नाही. त्या दिवशी आई काळ्या वाटाण्याचं सांबारं करायची. बांगड्यासाठी रडणारी मी सांबाऱ्याच्या वासाने गप्प बसायची. आता मी शहरात राहते, काळे वाटाणे इथेही मिळतात, मसालाही गावाहून येतो, पण ती चव काही जमत नाही. सून म्हणते, पाण्याचा फरक असेल. असेल.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आते. आते बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न रेडीकडच्या एका घरात झालं होतं. बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. एक दिवस सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं ते पुन्हा न्यायला आलेच नाहीत. दुसरी सून आणली असं मागाहून कळलं. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला आठवते ती आते आमच्याच घरची, जणू कधी कुठे गेलीच नव्हती अशी. बाबा तिला ‘बाय’ म्हणत, आई ‘वन्सं’ म्हणे, आणि गावातल्या बायका ‘गुरवाची बाय’. उंच, काटक, चालताना पुढे झुकलेली. हसली की तोंडावर पदर धरायची. वाडीत बारसं असलं की तिला बोलावणं यायचं, पण खोबरं किसायला. पाळण्याला हात लावायला नाही. ती जायची, ढीगभर खोबरं किसायची आणि सगळ्यांच्या आधी घरी यायची. “अशी लगेच कशी इलंस?” असं आईने कधी विचारलं नाही. पाट मांडायची आणि वाढायची.

देवळात पिंडीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर तीन मूर्ती होत्या. मधे हात जोडलेला पुरुष, डोक्यावर मुकुट. तो राजा. त्याच्या एका बाजूला एक बाई, नाकीडोळी नीट, थोडी बुटकी. ती आवडती राणी. दुसऱ्या बाजूला आणखी एक बाई, चांगली उंच, पण तिचं तोंड पार गेलेलं. नाक नाही, डोळे नाहीत, ओठांच्या जागी खळगा. ती नावडती. गावची कथा अशी की राजाला आवडतीपासून मुलगा झाला आणि त्याने नवस फेडायला सडा फोडून हे देऊळ कोरून घेतलं. नावडती वांझ. तिने मत्सराने पाथरवटांच्या छिन्न्या खाडीत टाकल्या, म्हणून राजाने तिच्या मूर्तीचं तोंड फोडायला लावलं. बायका आवडतीची ओटी भरत. तिच्या अंगावर हळदीकुंकवाचे थर बसले होते. नावडतीकडे कुणी बघायचं नाही, पोटुशीने तर नाहीच. देवळात शिरताना आया पोरींच्या डोळ्यांवर हात धरत.

फक्त आते तिच्यापुढे दिवा लावायची. रोज तिन्हीसांजेला पिंडीपुढचा दिवा लागला की त्याच काडीने दुसरी पणती पेटवून त्या फुटक्या तोंडापुढे ठेवायची. मी एकदा विचारलं, “आते, गो, तिका कित्याक दिवो? ती वाईट ना?”

“एका काडयेत दोन दिवे पेटतत,” आते म्हणाली. “मगे एकीक काळोखात कित्याक ठेवूचा?”

मी जरा मोठी झाले, शाळेचं शेवटचं वर्ष असेल, तेव्हा दिवाळीनंतर कोल्हापूरहून एक बाई आल्या. कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि जुनी लेणी बघत फिरायच्या. फोंडाघाटाच्या वळणांनी त्यांची अशी अवस्था झाली होती की पहिला अर्धा दिवस त्या आमच्या पडवीत आडव्याच होत्या. आईने सोलकढी पाजली, कपाळाला ओली पट्टी लावली. संध्याकाळी उठून बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, “गुरवबुवा, देऊळ बघायला परवानगी असेल तर थोडे दिवस राहीन म्हणते.” बाबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, गावच्या मानकऱ्यांना विचारलं, आणि बाई आमच्याकडे राहिल्या.

त्या दिवसभर देवळात असायच्या. आत उजेड कमी, म्हणून त्यांनी आईची पितळी परात मागितली. आते अंगणात उन्हात उभी राहून परातीने उजेड आत पाडायची आणि बाई “थोडं डावीकडे, थोडं वर” असं सांगत कागदावर रेघा ओढायच्या. त्या दोघींचं चांगलं जमलं. बाईंना मालवणी कळेना, आतेला बाईंचं पुस्तकी मराठी कळेना, पण दिवसभर बोलणं चालू. मूर्तींवर चुन्याचे जाड थर होते. दर वर्षी जत्रेआधी गाव सफेती करायचा, ती पिढ्यान्‌पिढ्यांची. बाबांच्या परवानगीने बाईंनी त्या तीन मूर्तींवरचा चुना मऊ ब्रशाने, पाण्याने हळूहळू सोडवायला घेतला. मी शाळेतून आले की पाणी आणून द्यायची.

एके दुपारी बाईंचा ब्रश एकदम थांबला. मग म्हणाल्या, “आतेबाई, परात जरा खाली. आणखी खाली. तिच्या हातावर.”

नावडतीच्या हातात काहीतरी होतं. आजवर तो चुन्याचा गोळाच वाटायचा. आता त्याला तोटी दिसत होती. झारी होती ती, वाकडी धरलेली.

“ही दान देते आहे,” बाई म्हणाल्या. “दान देताना पाणी सोडतात ना, तसं. राजा हात जोडून उभा आहे आणि पाणी ही सोडते आहे. हे देऊळ बहुतेक हिनेच कोरवून घेतलंय.” मग त्या दुसऱ्या बाईकडे वळल्या आणि त्यांना हसू आलं. “आणि ही राणी नव्हेच. हिच्या खांद्यावर बघा, चवरी आहे. ही दासी. म्हणून तर ही लहान काढलीय.”

आते परात घेऊन आत आली. सगळा उजेड गेला. “मगे तोंड कोणी फोडला तिचा?”

बाईंनी वर बोट दाखवलं. छताला तिथे बारीक चीर होती, शेवाळाने काळी झालेली. “कुणी नाही. पावसाळ्यात इथून पाणी ठिबकतं. बरोबर तिच्या तोंडावर. जांभा मऊ, शेकडो वर्षं ठिबकत राहिलं, झिजलं.”

आतेने मान वर करून ती चीर बघितली. मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतेय. ती हसत नव्हती.

हे वाडीत पसरायला वेळ लागला नाही. बायकांना मोठा पेच पडला. आजवर दासीची ओटी भरली, आता काय करायचं? विहिरीवर कुणीतरी आतेला विचारलं तर ती म्हणाली, “तिची बंद कित्याक करतास? तीय बिचारी इतकी वर्सां चवरी ढाळीत उबी आसा.” बाई गेल्या. जाताना त्यांनी बाबांना बजावलं, की राजा कोण, राणी कोण, कोणत्या काळातली, हे आपल्याला ठाऊक नाही. शिलाहारांच्या वेळचं असेल, त्यांच्या कुणा मांडलिकाचं असेल. ते कळेपर्यंत आपण एवढंच म्हणायचं, की राजघराण्याचं देऊळ आहे आणि देणारी ही आहे.

मे महिन्यात मुंबईकर आले. दर वर्षी यायचे, पण या वर्षी जीर्णोद्धार करायचा असं ठरवूनच आले होते. पुढाकार मुकादमांचा. गोदीत मुकादम होते म्हणून गावातही तेच नाव. माणूस दांडगा, पण मनाने वाईट नव्हे. शाळेची भिंत पडली तेव्हा सगळ्यांआधी चिरे त्यांनीच उतरवले होते. त्यांच्या मनात असं होतं, की खांबांना गिलावा करायचा, खाली लाद्या बसवायच्या, पुढे सभामंडप बांधायचा आणि नावडतीची मूर्ती तासून काढून तिथे संगमरवराची लक्ष्मी बसवायची. कारण उघड कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची सून सुलभा. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून गेले होते. मुंबईत कुणी जाणत्याने सांगितलं, की तुमच्या गावच्या देवळात भग्न बाई उभी आहे, तिची नजर बाधते.

बाबांनी बाईंचं म्हणणं त्यांना सांगून बघितलं. “ता पुस्तकातला झाला, गुरवानू,” मुकादम म्हणाले. “बाई आज इली, उद्या गेली. भोगूचा आमका आसा.”

काम सुरू व्हायच्या सकाळी मुकादम, चार मानकरी आणि छिन्नी-हातोडा घेतलेला गवंडी असे देवळात आले. पाठोपाठ बायकापोरं. आते आधीच तिथे होती. मूर्तीला पाठ लावून, मांडी घालून बसली होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मुकादम म्हणाले, “बाय, ऊठ.” ती म्हणाली, “मी उठूचंय नाय.” एवढंच.

बाईमाणसाच्या अंगाला हात कोण लावणार? मग मुकादम बाबांकडे वळले. “गुरवानू, कौल लावा. देव सांगात तसा करूया.”

कौल म्हणजे पिंडीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावातली लग्नं, जमिनी, भांडणं, सगळं त्या पाकळ्यांवर ठरायचं आणि पाकळी लावायचा अधिकार आमच्या घराचा. गावाने सांगितलं आणि गुरवाने कौल लावला नाही, असं कधी झालं नव्हतं. बाबा भित्रे म्हटले तरी चालेल इतके सौम्य. मानकऱ्यांपुढे त्यांचा आवाजसुद्धा खाली यायचा. आई माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बाबांनी पाकळ्यांचं तबक हातात घेतलं. पिंडीपर्यंत गेले. मग वळले आणि तबक खाली ठेवलं.

“देवाक मी आमच्या बऱ्याचा इचारतंय,” ते म्हणाले. “कोणाक उपटून टाकूचो कौल मी लावूचंय नाय. गावान दुसरो गुरव बघल्यान तरी चलात.”

मुकादमांचं तोंड लाल झालं. ते गवंड्याला काहीतरी सांगायला वळले आणि तेवढ्यात गर्दीतून सुलभा पुढे आली. मी तिला तोवर लांबूनच बघितलं होतं. गिरगावात वाढलेली, गोरी, नेहमी खाली मान. ती सरळ आतेपाशी गेली, नवी इस्त्रीची साडी त्या ओल्या कातळावर टेकवून तिच्या बाजूला बसली आणि वर न बघता म्हणाली, “मामंजी, हिला मूल नाही म्हणून काढायची ना?”

“सुलभा, घराक जा.”

“मग आधी मला काढा. आणि या आतेंना. आम्ही तिघी एकाच रांगेत बसलोय. कुठून सुरुवात करायची ती करा.”

मुकादमांचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आजवर त्यांनी सुनेसाठी केलं ते सगळं तिच्या भल्यासाठीच, हे त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं आणि आता ती अशी का बोलते हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं असावं. खांदे उतरले. “पोरी,” ते म्हणाले, सून म्हणून नव्हे, लेकीला हाक मारावी तसं, “मी तुज्यासाठीच करी होतंय गो.” आणि पायऱ्या चढून गेले. चपला खालीच राहिल्या. गवंडी त्या उचलून त्यांच्यामागे धावला.

आते तेव्हा सुलभाकडे वळली. म्हणाली, “कातळ ओलो आसा. थंडी भरात. चल, गरम पेज घे.” आणि तिचा हात धरून तिला आमच्या घरी घेऊन आली. ती दुपारपर्यंत आमच्या चुलीपाशी बसून होती. रडत होती, पेज पीत होती, पुन्हा रडत होती. आईने बांगडे भाजले.

सभामंडप झाला, पण कातळापासून दूर, वरच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा. त्याचा बराचसा खर्च मुकादमांनीच केला. दुसरा गुरव कुणी आणला नाही. वाडीतली काही घरं आमच्याशी बोलेनाशी झाली, ती वर्षभरात पुन्हा बोलू लागली. त्याच वर्षी पावसाळ्याआधी बाबांनी छतावरची चीर चुन्याने आणि गुळाच्या पाण्याने बुजवली. सुलभाला मूल झालं नाही. लोकांना अशा गोष्टीत शेवटी पाळणा हलायला हवा असतो, मलाही तेव्हा हवा होता. तो हलला नाही. ती मात्र दर मे महिन्यात यायची, मुंबईहून उतरली की पिशवी घरी टाकून आधी आतेकडे.

कोल्हापूरच्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. माझी मुलगी आतेच्या मांडीवर होती. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी आईने आतेच्या हातात दिली होती आणि वाडीतली एकही बाई काही बोलली नव्हती. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी देवळावर लेख लिहिला होता, पुढे त्यावरूनच सरकारी निळा फलक लागला. चहा पिता पिता आतेने विचारलं, “नाव गावला तिचा?”

“नाही हो, आतेबाई. शिलालेख नाही, ताम्रपट नाही. राजाचंसुद्धा नाव सापडत नाही.”

“राजाचा रवांदे. तिचा मी ठेवलंय तर चलात?”

“चालेल की! काय ठेवता?”

आतेने बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले. “आवडी,” ती म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला आणि उठून मागच्या दारी गेले. मला वाटलं, आतेने नावडतीचं उलटं केलं, गंमत केली. रात्री आईने सांगितलं, की ते आतेचं पाळण्यातलं नाव. लग्नात सासरच्यांनी बदलून दुसरं ठेवलं. परत आली तेव्हा कुठल्या नावाने हाक मारायची हे कुणालाच कळेना, म्हणून ती सगळ्यांची बाय आणि आते झाली. मी इतकी मोठी झाले, एका लेकराची आई झाले आणि तिला नाव असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. फलकावर ते नाव नाही. पण वाडीतल्या बायका आता ओटी भरताना ‘आवडीराणी’ म्हणतात आणि दासीचीही भरतात.

गेल्या मे महिन्यात गेले होते. गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या बसत बसत उतरावं लागतं. आते, आई, बाबा, मुकादम, कुणीच नाही आता. सुलभा आहे. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दोघं गावी येऊन राहिली. तोही गेला. ती रोज दोन दिवे लावायला येते आणि गिरगावची ती पोर आता माझ्यापेक्षा अस्सल मालवणी बोलते. मी उतरले तेव्हा ती वाडीतल्या एका नव्या नवरीला मूर्तीपुढे उभी करून हकीकत सांगत होती. झारी सांगितली, चवरी सांगितली, छताची चीर दाखवली. मग म्हणाली, “आमचे मामंजी छिन्नी घेवन इले. आते हय बसली. गुरवान कौल लावक नाय म्हणून सांगितल्यान. मगे मामंजी परत गेले.” आणि पणती पुसायला लागली.

मी थोडी थांबले, ती आणखी काही बोलते का बघत. ती पणतीच पुसत राहिली. नवरी मोबाइल पिशवीत टाकून निघायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

“ऱ्हव गो, बाये. हिने तुका अर्धीच गजाल सांगल्यान. बस हय. उरलेली मी सांगतंय.”